टेलरिंग सोडण्याची घाई नको

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या बर्निंग क्रुसेड क्लासिक आवृत्तीत युरोपातल्या एका रिअल्मवर (सर्व्हरवर) वॉरलॉक, म्हणजे काळी जादू करणारे पात्र, खेळतो. लेव्हल ७०. पात्राची प्रोफेशन्स (कामधंदे) दोन: टेलरिंग (शिवणकाम) स्किल ३७५, हर्बलिझम (वनस्पती खुडणे) स्किल ३७५. टेलरिंगमधले शॅडोवीव्ह हे स्पेशलायझेशन घेऊन फ्रोझन शॅडोवीव्ह या संचाचे बूट आणि शोल्डर्स शिवून झाले आहेत, झगा बाकी आहे. नोकरीमुळे आठवड्यातून दोन रात्री रेड (मोठ्या गटाने मिळून केलेली चढाई) आणि रविवारी थोडा वेळ, एवढेच खेळणे होते. झग्याला लागणाऱ्या शॅडोक्लॉथ कापडाच्या कूलडाउनची, म्हणजे एकदा विणल्यावर पुन्हा विणता येईपर्यंतच्या खंडाची, वाट पाहून आता कंटाळा आला आहे. आमच्या गिल्डचे (खेळाडूंच्या मंडळाचे) गिल्डमास्टर म्हणतात, खेळाची पुढची फेज (टप्पा) सुरू होण्याआधी सगळ्या कास्टर, म्हणजे जादू वापरणाऱ्या मंडळींनी लेदरवर्किंग नाही तर इंजिनिअरिंग घ्यावे. एक मित्र म्हणतो, दोन वस्तू झाल्या ना, आता टेलरिंग टाकून दे. दुसरा म्हणतो, ३७५ पर्यंत आणलेले प्रोफेशन सोडणे हा शुद्ध वेडेपणा आहे. मी काय घ्यावे, काय सोडावे आणि केव्हा?
एक वॉरलॉक, ठाणे

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, आणि ते ज्या क्रमाने विचारले आहेत त्याच्या उलट क्रमाने सोडवले तर सोपे जातात. आधी ‘केव्हा’ ते ठरवावे. ‘काय सोडावे’ हे बरेचसे त्यातूनच ठरते आणि मग ‘काय घ्यावे’ याला फारसे पर्याय उरत नाहीत. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढची कारणे तुम्हाला पारखून घेता येतील. झगा अंगावर चढेपर्यंत कशालाही हात लावू नका. झगा झाला की आधी हर्बलिझम सोडा आणि एन्चांटिंग (वस्तूंवर जादू चढवण्याचे प्रोफेशन) घ्या. टेलरिंग सोडायची वेळ त्यानंतर येईल आणि ती आली आहे की नाही, हे तुमच्या अंगावरच्या कपड्यांवरूनच कळेल.

नियम तुम्हाला ठाऊकच असतील, तरी एकदा उजळणी करू. एका पात्राला मुख्य प्रोफेशन्स दोनच घेता येतात. कुकिंग, फर्स्ट एड आणि फिशिंग ही दुय्यम असल्यामुळे त्या दोनांत मोजली जात नाहीत. मुख्य प्रोफेशन सोडले की स्किल तर जातेच, पण शिकलेला प्रत्येक पॅटर्न (वस्तू शिवण्याची कृती) पुसला जातो आणि स्पेशलायझेशनही त्याच्याबरोबर जाते. पुन्हा शिकायला गेलात तर जुनी ओळख कामाला येत नाही, श्रीगणेशा १ पासूनच करावा लागतो. तुमच्या दुसऱ्या मित्राचा जीव अडकला आहे तो इथे, आणि त्याची धास्ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मात्र तो आणि पहिला मित्र असे दोघेही एकाच आकड्याकडे, म्हणजे ३७५ कडे पाहून बोलत आहेत. प्रोफेशन बदलण्याच्या हिशेबात तो आकडा तुम्ही आजवर किती खर्च केला एवढेच सांगतो. तो खर्च प्रोफेशन ठेवले तरी परत मिळणार नाही आणि सोडले तरी मिळणार नाही. हिशेब करायचा तो दोनच गोष्टींचा: प्रोफेशन गेल्यावर हातात काय राहते, आणि पुढेमागे परत यावेसे वाटले तर परतीचा रस्ता किती महाग आहे.

हातात काय राहते, हे वस्तूच्या टूलटिपमध्ये लिहिलेले असते, पण ते वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. तुमच्या बुटांवर माउस नेऊन पाहा. वरच्या बाजूला ‘सोलबाउंड’ असे लिहिलेले दिसेल, कारण ती ‘बाइंड्स व्हेन पिक्ड अप’ प्रकारची, म्हणजे हातात येताच त्या पात्राशी बांधली जाणारी वस्तू आहे. याचा अर्थ ही वस्तू ज्याने शिवली त्याचीच. ती ऑक्शन हाउसमध्ये (खेळातल्या बाजारात) मिळत नाही, गिल्डमधला दुसरा टेलर ती तुम्हाला शिवून देऊ शकत नाही आणि तुमचे स्वतःचे दुसरे पात्रही ती शिवून पोस्टाने पाठवू शकत नाही. म्हणजे झगा हवा असेल तर तो शिवण्याच्या क्षणी टेलरिंग आणि शॅडोवीव्ह ही दोन्ही तुमच्याच नावावर असली पाहिजेत. आता त्याच टूलटिपच्या खालच्या भागाकडे या. बूट घालण्यासाठी टेलरिंग लागते, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. टेलरिंगची अट आहे ती संचाच्या बोनसला: तिन्ही वस्तू अंगावर असतील आणि टेलरिंग ३५० असेल, तर तुमच्या फ्रॉस्ट आणि शॅडो स्पेलनी केलेल्या डॅमेजच्या २ टक्के आरोग्य तुम्हाला परत मिळते. उद्या टेलरिंग सोडले तरी बूट पायांत राहतील, शोल्डर्स खांद्यावर राहतील, त्यांवरचे शॅडो डॅमेज कणभरही कमी होणार नाही. जाईल तो फक्त हा २ टक्क्यांचा परतावा, आणि तोही आज तुम्हाला मिळत नाहीच, कारण तिसरी वस्तू अजून शिवलेली नाही. वॉरलॉकला तो परतावा अगदीच बिनकामाचा नसतो, हेही सांगायला हवे. मॅना (जादूची शक्ती) भरण्यासाठी तुम्ही सतत लाइफ टॅप करून स्वतःचे रक्त आटवत असता, तेव्हा हीलरच्या शिव्या थोड्या कमी खाव्या लागतात.

सगळ्याच प्रोफेशन्सचे असे नसते. इंजिनिअरिंगमधले डिस्ट्रक्शन होलो-गॉग्ज घ्या. ते घालण्यासाठीच इंजिनिअरिंग ३५० लागते. प्रोफेशन सोडले की गॉगल बॅगेत पडून राहतो. याउलट स्पेलस्ट्राइकचा हूड आणि पँट्स यांचे काम तिसऱ्याच तऱ्हेचे आहे. ते ‘बाइंड्स व्हेन इक्विप्ड’, म्हणजे अंगावर चढवल्यावरच बांधले जाणारे, असल्यामुळे पॅटर्न असलेला कोणताही टेलर ते शिवून विकू शकतो, आणि ते घालणाऱ्याला सुईत दोरा ओवता आला नाही तरी चालते. थोडक्यात, काही वस्तूंसाठी प्रोफेशन शिवण्यापुरते लागते, काहींसाठी वापरण्यापुरते आणि काहींसाठी ते स्वतःजवळ असण्याची मुळीच गरज नसते. फ्रोझन शॅडोवीव्ह पहिल्या प्रकारात येते. म्हणून पहिल्या मित्राचा सल्ला तत्त्वतः बरोबर आहे, फक्त तो एक झगा आधी आला आहे.

आता परतीच्या रस्त्याचे पाहू. टेलरिंगकडे परत यायचे झाले तर लिननपासून नेदरवीव्हपर्यंत कापडाचे गठ्ठे पुन्हा जमवावे लागतील, शॅट्रथ शहराच्या लोअर सिटीत जाऊन स्पेशलायझेशन पुन्हा घ्यावे लागेल आणि अँड्रिऑन डार्कस्पिनर या व्हेंडरकडचे पॅटर्न पुन्हा विकत घ्यावे लागतील. स्क्रायर्स किंवा अल्डोर या गटांकडून घेतलेले स्पेलथ्रेडचे पॅटर्नही पुसले जातील. रेप्युटेशन (त्या गटाकडची पत) कायम राहत असल्यामुळे ते परत विकत मिळतात, पण गोल्ड दुसऱ्यांदा मोजावे लागते. मॉबकडून (मारलेल्या शत्रूकडून) नशिबाने पडलेला एखादा पॅटर्न तुम्ही शिकला असाल तर त्याची भरपाई कोणताच व्हेंडर करू शकत नाही. तसा एखादा तुमच्याकडे आहे का, हे टेलरिंगची यादी उघडून आजच पाहून घ्या, कारण तसा पॅटर्न असेल तर पुढचा बराचसा सल्ला बदलेल.

हर्बलिझमकडे परत येण्याचा खर्च मात्र जवळजवळ फक्त वेळेचा आहे. त्यात पॅटर्न नाहीत, स्पेशलायझेशन नाही, विकत घ्यायचे सामान नाही. पीसब्लूम आणि सिल्व्हरलीफपासून सुरुवात करून जुन्या जगातल्या नकाशांवर घोडा दामटायचा. बर्निंग क्रुसेडमध्ये तिकडे उडता येत नाही, एवढाच काय तो जाच. ३०० झाले की आउटलँडमध्ये (बर्निंग क्रुसेडच्या नव्या जगात) फेलवीड खुडता येते, ३१५ ला ड्रीमिंग ग्लोरी, ३२५ ला टेरोकोन, ३५० ला नेदरब्लूम, आणि मग पंख असलेल्या वाहनावरून ती चढण मजेत चढता येते. शिवाय वाटेत खुडलेले सगळे विकता येते, म्हणजे परत येतानाही खिशात काही पडतेच. दोनांपैकी एक सोडायचे असेल तर ज्याच्याकडे परतणे स्वस्त आहे ते आधी सोडावे. तुमच्या दोन्ही मित्रांनी टेलरिंगवरून वाद घातला आणि शेजारी बसलेल्या हर्बलिझमकडे कोणी पाहिलेच नाही.

तुम्ही म्हणाल, हर्बलिझम तर माझे कमाईचे साधन आहे. खरे आहे, आणि म्हणूनच मी ते झगा झाल्यानंतर सोडायला सांगतो, आज नाही. आज तुम्हाला गोल्ड लागणार आहे.

झग्याचे काम लवकर उरकायचे असेल तर कूलडाउनवर विसंबून राहू नका. शॅडोक्लॉथचा कूलडाउन जवळजवळ चार दिवसांचा आहे. शॅडोवीव्हवाल्याला एका वेळी दोन तुकडे मिळतात, तरी तुमच्यासारख्या आठवड्यातून तीनदा येणाऱ्या खेळाडूचा प्रत्येक कूलडाउन थोडाथोडा वाया जातो, कारण तो संपतो तेव्हा तुम्ही ऑफिसात असता. आणि कापड विणायला दर वेळी शॅडोमून व्हॅलीतल्या अल्टर ऑफ शॅडोजपर्यंत जावे लागते, ते निराळेच. पण कापड स्वतः पात्राशी बांधलेले नसते. फ्रोझन शॅडोवीव्ह फक्त तुम्हीच शिवू शकता, शॅडोक्लॉथ मात्र दुसरा टेलरही विणून विकू शकतो. तेव्हा मॅना थिसल आणि नाइटमेअर व्हाइन विकून आलेल्या गोल्डमधून उरलेले कापड ऑक्शन हाउसमधून किंवा ट्रेड चॅनेलवर दुसऱ्या टेलरकडून घ्या. थेट सौदा जमला तर दोघांचाही फायदा होतो, कारण ऑक्शन हाउस विकणाऱ्याकडून ५ टक्के कापून घेते आणि तो ते किमतीत चढवतोच. तुमचा कंटाळा एवढ्याने बराचसा जाईल असे मला वाटते, कारण पत्रावरून तरी तुम्ही टेलरिंगला कंटाळलेले दिसत नाही, वाट पाहण्याला कंटाळलेले दिसता.

आता गिल्डमास्टरांच्या आग्रहाकडे वळू. लेदरवर्किंगची मागणी ड्रम्समुळे होते. ड्रम्स ऑफ बॅटल वाजवले की पार्टीतल्या (रेडमधल्या पाच जणांच्या तुकडीतल्या) सगळ्यांना ३० सेकंद ८० हेस्ट रेटिंग (हल्ल्याचा वेग) मिळते आणि कूलडाउन दोन मिनिटांचा असतो. सन २००७ साली बर्निंग क्रुसेड पहिल्यांदा आले तेव्हाच्या नियमांत एका पार्टीतले चार लेदरवर्कर आळीपाळीने ड्रम वाजवून हा फायदा लढाईभर अखंड टिकवू शकत होते, आणि त्यापायी नेटाने रेड करणाऱ्या गिल्ड्समध्ये ज्याला त्याला चामडे कमवायला बसवले जात असे. क्लासिकमध्ये टिनिटस हा डिबफ (पात्रावर काही वेळ राहणारा तोट्याचा परिणाम) आणला गेला. एकदा ड्रमचा फायदा घेतला की दोन मिनिटे दुसऱ्या ड्रमचा फायदा मिळत नाही, त्यामुळे चौघांच्या आळीपाळीत काही अर्थच उरला नाही. एका पार्टीत एक लेदरवर्कर पुरतो. तेव्हा गिल्डमास्टरांना भांडणाच्या सुरात नव्हे, पण सरळ विचारा की माझ्या पार्टीत मला कोणाबरोबर बसवणार आहात आणि त्यांच्यापैकी कोणाकडे ड्रम्स आहेत. तुमच्या पार्टीतल्या शामनकडे ते असतील तर तुमच्या लेदरवर्किंगने कोणाचाच फायदा होणार नाही. कोणाकडेच नसतील आणि तुमच्यावरच पाळी आली, तर तुमच्या रिअल्मवरच्या ड्रमचा टूलटिप आधी वाचा आणि वाजवणाऱ्याकडे लेदरवर्किंग असण्याची अट तिथे आहे ना, याची खात्री करून घ्या. अट असेल तर लेव्हलिंगसाठी लागणारे चामडे गिल्ड बँकेतून मिळावे, अशी मागणी करण्यात काहीही गैर नाही. रेडच्या सोयीसाठी घेतलेल्या प्रोफेशनचा भुर्दंड एकट्याने का सोसावा?

इंजिनिअरिंग हा मोहात पाडणारा पर्याय आहे आणि तो का मोहात पाडतो ते मला कळते. बॉम्ब, रॉकेट, उडणारे यंत्र, आउटलँडमधल्या ढगांतून मोट्स (मूलतत्त्वांचे कण) ओढून घेणारा एक्स्ट्रॅक्टर. शॅडोमून व्हॅलीतल्या फेलमिस्टमधून निघणारे शॅडोचे मोट्स तर शॅडोक्लॉथलाच लागतात. पण तुमच्या परिस्थितीत त्याचे गणित मला जमताना दिसत नाही. सुपर सॅपर चार्ज या स्फोटकाचा उपयोग शत्रूंच्या घोळक्यात शिरून होतो, त्याने तुम्ही स्वतःही भाजून निघता, आणि घोळक्यासाठी तुमच्याकडे सीड ऑफ करप्शन हा स्पेल आहेच, तेही दूर सुरक्षित उभे राहून टाकता येणारे. गॉगलचे म्हणाल, तर स्पेलस्ट्राइकच्या दोन्ही वस्तू तुमच्याकडे असतील किंवा तुम्ही घेणार असाल तर हूड काढून गॉगल चढवताच त्या जोडीचा बोनस मोडतो. आणि सर्वांत मोठी अडचण मायनिंगची. इंजिनिअरिंग कॉपरपासून अडमंटाइटपर्यंत सगळे धातू खाते, आणि मायनिंग नसलेल्याला कच्चे ओअर स्वस्तात मिळाले तरी ते वितळवता येत नाही. तयार बारच विकत घ्यावे लागतात. त्यात आयर्न आणि मिथ्रिल हे मधल्या लेव्हलचे धातू काढायला फारसे कोणी जात नसल्यामुळे ते बऱ्याचदा वरच्या लेव्हलच्या धातूंपेक्षाही महाग पडतात. आठवड्यातून तीनदा खेळणाऱ्याने या फंदात पडू नये.

एन्चांटिंगकडे मी वळतो ते यासाठी, की तुमच्याकडे आज जे आहे त्यावर ते नेमके बसते. एन्चांटरला स्वतःच्या दोन्ही अंगठ्यांवर प्रत्येकी १२ स्पेल डॅमेज चढवता येते. एकूण २४, ऐकायला थोडे वाटते, पण ते कोणतेही बटण न दाबता, कूलडाउन न सांभाळता प्रत्येक शॅडो बोल्टमागे उभे असते. त्यासाठी स्किल ३६० लागते आणि फॉर्म्युला कीपर्स ऑफ टाइम या गटाकडे ऑनर्ड ही रेप्युटेशनची पातळी गाठल्यावर मिळतो. काराझान या रेडची किल्ली मिळवताना तुम्ही ब्लॅक मोरासची वारी केली असेल, तर ते रेप्युटेशन बहुतेक आधीच जमा झालेले असेल. अंगठी बदलली की नव्या अंगठीवर एन्चांट पुन्हा करावे लागते आणि ते फक्त स्वतःच्याच अंगठीवर करता येते. म्हणजे टेलरिंगसारखे काम काढून घेऊन हे प्रोफेशन सोडता येणार नाही, ते जवळ ठेवण्यासाठीच घ्यायचे आहे.

टेलरिंग अजून हातात असताना एन्चांटिंग वाढवण्याचा फायदा फार मोठा आहे. एन्चांटरला लागते धूळ, इसेन्स आणि शार्ड्स, आणि ते निघतात ज्यांचे नाव हिरव्या अक्षरांत दिसते अशा वस्तू डिसएन्चांट करून, म्हणजे फोडून. टेलर अशा वस्तू स्वतः शिवू शकतो. नेदरवीव्हचे ब्रेसर्स, बेल्ट, बूट स्वस्त कापडात होतात आणि त्यांची आर्केन डस्ट होते. खालच्या पातळीवर जुन्या कापडांच्या हिरव्या वस्तूंतून व्हिजन डस्ट, ड्रीम डस्ट, इल्युजन डस्ट मिळते. एक गोष्ट ध्यानात असू द्या. कपडे आणि चिलखत डिसएन्चांट केले की बहुतांशी धूळ मिळते, इसेन्स क्वचित. इसेन्स मुख्यतः शस्त्रांतून निघतो. त्यामुळे धूळ घरची आणि इसेन्स बाजारचा, असा बेत करा. उंच लेव्हलच्या वस्तू डिसएन्चांट करायला तेवढीच उंच एन्चांटिंग स्किल लागते. सुरुवातीला नेदरवीव्हचे ढीग शिवून ठेवाल आणि ते फोडता येत नाहीत असे होईल. तोवर गिल्डमधल्या एखाद्या एन्चांटरला ते फोडून द्यायला सांगा.

आता नेमके केव्हा. झगा शिवून झाला म्हणजे लगेच त्याच रात्री, असे नाही. चालू फेज उतरणीला लागलेली असावी आणि पुढची अजून जाहीर झाली असली तरी उघडलेली नसावी. सर्पंटश्राइन आणि टेम्पेस्ट कीप या रेड उघडल्या की ज्याला त्याला नव्या वस्तूंवर एन्चांट हवे असते, आर्केन डस्ट आणि प्लॅनर इसेन्सची मागणी एकदम वाढते आणि नव्याने शिकणारा त्या गर्दीत भरडला जातो. आठवड्यातला दिवसही पाहा. युरोपात रेडचा साप्ताहिक रीसेट बुधवारी होतो, त्याच्या आसपास रेडवाल्यांची खरेदी चालते. शनिवार-रविवारी फार्मिंग (कच्चा माल गोळा) करणारे लोक माल ओततात तेव्हा भाव साधारणपणे नरम असतात. तुमचा मोकळा वेळ रविवारीच असतो, हे बरेच आहे.

लेव्हलिंगचे सगळे सामान बँकेत जमल्याशिवाय हर्बलिझम सोडू नका, यावर मी अडून बसेन. सामान जमवण्यासाठी प्रोफेशन शिकलेले असावे लागत नाही. धूळ, इसेन्स, शार्ड्स आजही विकत घेता येतात आणि तेवढ्या काळात हर्बलिझमची कमाईही चालू राहते. जे लोक आधी सोडतात आणि मग सामान शोधतात, ते दोन-तीन आठवडे १८० किंवा २२० स्किलवर अडकून पडतात; जुने उत्पन्न गेलेले, नवे सुरू झालेले नाही, आणि हातात गोल्ड नाही म्हणून मिळेल त्या भावाने माल घ्यायचा. यादी करताना थोडे जास्तच धरा, कारण नारंगी रेसिपीवर स्किल नक्की वाढते, पिवळीवर बहुधा वाढते, हिरवीवर नशिबावर असते आणि करड्या रेसिपीवर वाढतच नाही. बऱ्याचदा पुढची नारंगी रेसिपी मिळेपर्यंत हिरवीवरच ढकलत न्यावे लागते आणि तिथेच हिशेब चुकतो.

आणि हे काम रेडच्या रात्री करू नका. युरोपात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा झालेले असतात. रेड संपेपर्यंत पहाट व्हायला येते. स्किल्सच्या खिडकीत टेलरिंग आणि हर्बलिझम या दोन ओळी एकमेकींपासून फार लांब नसतात, सोडण्याचे चिन्ह सारखेच दिसते, आणि खात्री करून घेणारा प्रश्न झोपाळलेला माणूस वाचत नाही. रविवारी दुपारी, चहा घेऊन, ज्या ओळीवर क्लिक केले तिचे नाव मोठ्याने वाचून मग पुढे जा.

राहता राहिले टेलरिंग. झगा झाल्यावर तिन्ही वस्तू अंगावर येतील, २ टक्क्यांचा परतावा सुरू होईल आणि एन्चांटिंगला धूळ पुरवण्याचे कामही टेलरिंगच करेल, तेव्हा काही काळ तरी ही जोडी उत्तम आहे. एन्चांटिंग ३६० च्या पुढे गेले, अंगठ्यांचे काम झाले, म्हणजे धुळीची गरज कमी होईल. त्यानंतर एके दिवशी रेडमध्ये बूट, शोल्डर्स किंवा झगा यांच्यापेक्षा सरस अशी वस्तू पडेल आणि ती तुमच्या वाट्याला येईल. तीनातली एक वस्तू अंगावरून उतरली की संचाचा बोनस मोडला. टेलरिंगला धरून ठेवणारे मग एकच कारण उरते, शॅडोक्लॉथ विणून विकणे. आणि फ्रोझन शॅडोवीव्ह शिवणाऱ्यांची गर्दी तोवर ओसरलेली असेल तर त्या कापडालाही गिऱ्हाईक कमीच मिळेल. त्या आठवड्यात बाजारातला भाव पाहा. चार दिवसांतून दोन तुकडे विकून जे मिळते त्यापेक्षा रविवारच्या तासाभरात नेदरब्लूम आणि टेरोकोन खुडून जास्त मिळणार असेल, तर टेलरिंग सोडा आणि हर्बलिझम परत घ्या. शेवटचा कूलडाउन मात्र वापरून घ्या, आणि बँकेत उरलेल्या नेदरवीव्हच्या १६ खणांच्या पिशव्या शिवून टाका. त्यांना गिऱ्हाईक कधीच कमी पडत नाही.

गिल्डमास्टरांना हा सगळा बेत आधीच सांगून ठेवा. रेडमध्ये पडलेल्या पण कोणालाच नको असलेल्या वस्तू फोडायला त्यांना एन्चांटर लागतच असतो, आणि दोन्ही रात्री नियमाने हजर असणारा एन्चांटर मिळाला तर लेदरवर्किंगचा आग्रह ते बहुधा धरणार नाहीत.